मळ आणि झीज

जमिनीवर अंथरायच्या वस्तूंसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. चटई आहे, घोंगडी आहे, सतरंजी आहे, जाजम आहे, बिछायत आहे. थोरामोठ्यांच्या दिवाणखान्यातला रुजामा आहे आणि फारसीतून येऊन आपलाच झालेला गालिचा आहे. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे: ते बसण्यासाठी अंथरायचे असतात आणि बसणे संपले की उचलायचे असतात. उचलले की झटकायचे, काठीने बडवायचे, उन्हात टाकायचे, वर्षाकाठी नदीवर नेऊन धुवायचे. ‘कार्पेट’ हा शब्द मात्र उशिरा आला, आणि तो ज्या वस्तूला चिकटला ती वस्तूही जमिनीला चिकटलेली. तिच्यावर कोणी बसत नाही, सारे चालतात. ती उचलता येत नाही, म्हणून बडवताही येत नाही. वर्षानुवर्षांची माती तिच्या पोटात साचत राहते, आणि ती काढायची तर जागच्या जागीच काढावी लागते.

आम्ही हे काम करतो. ‘आम्ही’ म्हणजे राळेगावात राहणारे, मराठीत एम.ए. झालेले, चाळिशी ओलांडलेले दोन अध्यापक. राळेगावहून एस.टी.ने जाता येईल अशा एका महाविद्यालयात आम्ही तासिका तत्त्वावर शिकवतो. हे तत्त्व ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की जितके तास तितके मानधन, आणि ज्या महिन्यात तास नाहीत त्या महिन्यात मानधनही नाही. उन्हाळ्याची सुटी ही इतरांसाठी सुटी असते, आमच्यासाठी ती रिकामी जागा असते. राजकीय पक्षात आयुष्य घालवूनही हाती काही न आलेल्या कार्यकर्त्याविषयी आपल्याकडे म्हणतात, ‘जन्मभर सतरंज्या उचलल्या.’ आम्हाला या वाक्प्रचाराचे वाईट वाटण्याचे दिवस आता गेले. सतरंजी कशी उचलावी आणि जी उचलता येत नाही तिचे काय करावे, हे आम्ही रीतसर शिकलो आहोत.

शिकवणारा आमचाच विद्यार्थी. बी.ए.ला मराठी वाङ्मय घेऊन उत्तीर्ण झाला, नागपूरला गेला, हॉटेलांची आणि कार्यालयांची स्वच्छता करणाऱ्यांकडे काही वर्षे राबला, मग स्वतःची यंत्रे घेतली. २०१५ च्या एप्रिलात बसस्थानकावर भेटला. सुटीत काय करता, असे त्याने विचारले, आणि आम्ही खरे ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, राग नसन येत तं माह्यासंगं या.” आम्ही गेलो.

पहिल्या दिवशी एका कार्यालयाच्या दालनात आम्ही उत्साहाने पाण्याची बादली उचलली, तेव्हा त्याने हात धरला. “सर, पाण्याची घाई नोका करू. माती वली झाली का तिचा चिखल होते.” आणि मग जरा हसून म्हणाला, “तुमीच शिकवलं होतं न, आधी वाचाचं, मंग बोलाचं.”

वाचायचे म्हणजे आधी धागा ओळखायचा. कोपऱ्यातून, कपाटाखालून, जिथे कोणाचे लक्ष जाणार नाही तिथून दोन-चार तंतू काढून जाळून पाहायचे. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडली जाते. नायलॉन वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्तीसारखा वास येतो, आणि त्याचा तुकडा पाण्यावर तरंगतो, कारण तो पाण्याहून हलका असतो. हा भेद हौसेचा नाही. लोकरीला तीव्र अल्कली चालत नाही, तिचा तंतू दुबळा होतो. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे चहा त्याच्यात मुरत नाही. पण तेलकटपणाशी त्याचे भारी सख्य. नायलॉन टिकाऊ, चेपले तरी पुन्हा उभे राहणारे, मात्र रंगीत डाग चटकन धरणारे. त्यानंतर पाठ पाहायची. खाली तागाचे अस्तर असेल आणि पाणी जास्त झाले, तर तागातला तपकिरी रंग वर चढतो, आणि धुतलेला गालिचा न धुतलेल्यापेक्षा वाईट दिसतो.

दुसरे वाचन मातीचे. आमच्या भागाची माती काळी, बेसाल्ट झिजून झालेली, कपाशीची. तिच्यातली चिकणमाती पाणी मिळताच फुगते. म्हणूनच उन्हाळ्यात शेतांना भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच भुई बुटाला किलोकिलोने चिकटते. कोरडी असेपर्यंत ती धूळ असते, निर्वात यंत्राच्या ओढीने निघते. ओली झाली की तंतूंच्या मुळाशी गारा होऊन बसते. शिवाय जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारी रुई असते. ती धाग्यांच्या वेटोळ्यांत गुंतते, तिला आधी दात्यांच्या ब्रशने विंचरून काढावे लागते. कार्पेटमधल्या मळाचा मोठा भाग कोरडाच असतो, तेव्हा निम्म्याहून अधिक काम पाण्याचा थेंब न सांडता व्हायला हवे. फिरता ब्रश असलेले व्हॅक्यूम उभे, मग आडवे, हळूहळू फिरवायचे. घाईघाईने एकदा फिरवले तर वरवरची धूळ जाते आणि तळातली खडी तिथेच राहते.

कोरडे काम झाल्यावरच ओले. इथे विद्यार्थ्याने आम्हाला एक वर्तुळ काढून दाखवले. जर्मनीतल्या हेंकेल कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली मांडलेले हे वर्तुळ. धुण्याच्या कोणत्याही क्रियेत चार वाटेकरी असतात: रसायन, उष्णता, घर्षण आणि वेळ. एकाचा वाटा कमी केला तर दुसऱ्याचा वाढवावा लागतो. पाणी गरम करता येत नसेल तर द्रावण अधिक वेळ राहू द्यावे. तंतू नाजूक असून घासता येत नसेल तर रसायन नेमके निवडावे. नवखा मनुष्य चारांपैकी एकच ओळखतो: जोर. आम्हीही जोरच ओळखत होतो. डाग दिसला की घासत होतो, आणि घासल्याने डाग पसरतो व तंतूंची टोके पिंजतात, हे आमच्या हातून दोनदा घडल्यावर कळले.

रसायनाचा धडाही आम्ही चुकीतूनच शिकलो. चहाचा जुना डाग होता. घरातल्या सवयीने आम्ही त्यावर धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकले. डाग पाहता पाहता गडद झाला. चहात टॅनिन असते, पानातल्या कातात असते. अल्कलीने त्याचा रंग अधिक गहिरा होतो. त्याला सौम्य आम्ल लागते. उलट पायांनी आलेले वंगण, हातांचा तेलकटपणा, सांडलेली भाजी यांना अल्कली लागते. म्हणून कृत्रिम धाग्यांसाठी पूर्वफवारणीच्या द्रावणाचा सामू नऊ-दहाच्या आसपास ठेवतात, लोकरीसाठी साडेआठच्या वर जाऊ देत नाहीत, आणि शेवटच्या पाण्यात किंचित आम्ल घालतात, म्हणजे तंतूंत अल्कलीचा चिकटपणा उरत नाही. हा चिकटपणा राहिला तर गालिचा आठ दिवसांत पुन्हा मळतो. मालकाला वाटते धुलाई वाईट झाली, प्रत्यक्षात साबण उरलेला असतो.

फवारणीनंतर दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. पण आमच्याकडे मे महिन्यात थांबणेही सोपे नसते. बाहेर पंचेचाळीस अंश, आत पंखे बंद, तरी द्रावण पाच मिनिटांत सुकू लागते, आणि सुकले की केलेले काम उलटते. म्हणून दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एकेक चौकट घ्यायची. ती भिजवायची, एका चकतीचे यंत्र मऊ ब्रश लावून तिच्यावर फिरवायचे. मिनिटाला दीडशे ते पावणेदोनशे फेरे घेणारे हे यंत्र दिसते गरीब, पण मूठ किंचित वर उचलली की उजवीकडे आणि खाली दाबली की डावीकडे पळते. पहिल्या दिवशी त्याने आम्हा दोघांना भिंतीपर्यंत ओढत नेले. मग मुख्य यंत्र. त्याच्या नळीच्या टोकाला धातूचा रुंद जबडा असतो. एका बाजूने गरम पाणी दाबाने तंतूंत शिरते आणि लगेच दुसऱ्या बाजूने ते मळासह ओढून घेतले जाते. जबडा नेहमी आपल्याकडे ओढायचा. एकदा पाणी सोडत, त्यानंतर दोनदा-तीनदा पाणी न सोडता नुसते शोषत. टाकण्यापेक्षा काढण्याचा वेळ मोठा, हा या कामाचा मुख्य नियम. पाणी मागे राहिले तर सुकताना ते तळातला मळ केशाकर्षणाने टोकांपर्यंत वर आणते, आणि रात्री स्वच्छ दिसलेला डाग सकाळी पुन्हा हजर असतो. शेवटी जमिनीलगत वारा सोडणारे ब्लोअर लावून त्याच दिवशी सगळे कोरडे करायचे. चोवीस तास ओल राहिली तर बुरशीचा वास धरतो.

याहून झटपट रीतीही आहेत. चकतीला ओले कापड गुंडाळून वरचा मळ पुसून घेतात. दिसायला छान, पण तळ तसाच. दुसऱ्या रीतीत असे द्रावण घासतात जे सुकताना मळाभोवती कण धरते आणि मग ते कण व्हॅक्यूमने ओढून घेतात. दर दोन-तीन महिन्यांच्या निगराणीला ती उत्तम. मात्र दहा-बारा वर्षे न धुतलेल्या कार्पेटला वर सांगितलेल्या लांब वाटेनेच जावे लागते.

२०१८ च्या मे महिन्यात अशी एक लांब वाट आमच्याच महाविद्यालयाच्या सभागृहात निघाली. जुलैत मूल्यांकनासाठी नॅकची समिती यायची होती. रंगरंगोटी चालली होती, आणि सभागृहातल्या मरून कार्पेटसाठी प्राचार्यांनी आमच्या विद्यार्थ्यालाच बोलावले. त्याने आम्हाला विचारले, “सर, तुमाले अवघड वाटन तं दुसरी मानसं आणतो.” आम्हाला अवघड वाटलेच. नागपूरला आम्हाला कोणी ओळखत नव्हते. इथे ज्या व्यासपीठावरून आम्ही मराठी भाषा दिनाची भाषणे केली होती, त्याच्यापुढे गुडघे टेकायचे होते. तरी आम्ही हो म्हणालो. मे महिना होता, आणि घरी मुलांच्या वह्या-पुस्तकांचा हिशेब मांडून झाला होता.

हे कार्पेट २००६ साली टाकले होते. आम्ही त्याच वर्षी लागलो. टाकले त्या दिवशी दारात चपलांचा ढीग झाला होता, आणि सभागृहाचे शिपाई, ज्यांना सारे काकाजी म्हणतात, प्रत्येकाला पाय पुसून आत सोडत होते. पुढे ते मागे पडले. काकाजी रोज झाडण्याआधी थोडे पाणी शिंपडत. मातीच्या अंगणातली ती जन्माची रीत होती. “धूळ उडते न सर, म्हणून शिपडतो,” असे त्यांनी सांगितले, तेव्हा तळातल्या थराचा उलगडा झाला. बारा वर्षे थोडे थोडे सारवण झाले होते. त्यांना दोष देण्याचे कारण नव्हते. वस्तू बदलली होती, तिच्यासोबत तिची रीत कोणी सांगितली नव्हती.

कोरडी माती काढायला पूर्ण एक दिवस गेला. सायंकाळी अर्धी बादली भरली, आणि ती काळी माती पाहून आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही. आमचे बहुतेक विद्यार्थी खेड्यांतून येतात. पावसाळ्यात फाट्यापर्यंत शेतातून चालत येतात. स्नेहसंमेलने, व्याख्याने, श्रद्धांजलीच्या सभा या सगळ्यांना ते आले होते आणि जाताना वावराचा थोडा भाग ठेवून गेले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी ओले काम. यंत्राच्या टाकीतले पाणी आधी शाईसारखे, मग काळ्या चहासारखे, मग पातळ होत गेले. खुर्च्यांच्या रांगांखालून मरून रंग वर आला, बारा वर्षांपूर्वीचाच. दाराशी उभे राहून पाहणारे सहकारी म्हणाले, “व्वा!” आम्हाला त्याचा आनंद झाला, हे लपवत नाही.

पण दारापासून व्यासपीठापर्यंतची मधली वाट काळीच राहिली.

आम्ही ती पुन्हा धुतली. पाणी अधिक गरम केले, द्रावण अधिक वेळ ठेवले, जे करू नये तेही केले, जोराने घासले. टाकीत येणारे पाणी स्वच्छ होते आणि वाट काळीच होती. विद्यार्थी दुपारी आला, खाली वाकला, पांढरे फडके दाबून पाहिले. फडके पांढरेच. त्याने खिशातले भिंग आमच्या हाती दिले. खुर्चीखालचे तंतू गुळगुळीत, काचेच्या कांडीसारखे चमकत होते. वाटेवरचे तंतू खरवडलेले होते. मुरमाचे, रस्त्याच्या गिट्टीचे बारीक धारदार कण तळाशी बसतात, वरून पाऊल पडले की तंतूवर चरे ओढतात. गुळगुळीत तंतूवरून प्रकाश नीट परततो. चरे पडलेल्या तंतूवर तो विखुरतो आणि रंग मळकट दिसतो. तिथे मळ उरलेला नव्हता. ती झीज होती. आणि झीज धुता येत नाही.

चूक आमची होती. काम घेण्यापूर्वी वाटेवरचा वीतभर तुकडा धुऊन, पांढरे फडके दाबून पाहणे आणि जे निघणार नाही ते आधीच सांगणे, हा या व्यवसायाचा पहिला नियम. विद्यार्थ्याने ते काम आमच्यावर सोपवले होते. आपलेच सभागृह म्हणून आम्ही ते केले नाही, आणि प्राचार्यांना ‘सगळे निघेल’ असे सांगून बसलो. आता त्यांच्यापुढे जाऊन सांगायचे होते.

प्राचार्य वाटेच्या कडेला उभे राहून पाहत होते. “हा मळ राहिलाच की.”

“सर, तो मळ नाही.”

“मळ नाही, मग काय आहे?”

“झीज आहे. इथून सगळे चालले. आम्ही हे आधी सांगायला हवे होते.”

ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, वाटेकडे पाहिले आणि विचारले, “किती वर्षे झाली याला?” आम्ही सांगितले, बारा. त्या आकड्यावर तेही थांबले आणि आम्हीही. कार्पेटची आणि आमची नेमणूक एकाच वर्षाची, हे त्यांना आठवत होते की नाही कोण जाणे. दरवर्षी जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, नवा आदेश, आणि मार्चअखेर सगळे पुन्हा कोरे, असे बारा वेळा होऊन गेले होते. त्या वर्षांत कधी कधी आम्हाला वाटे की आपल्यातच काही उणे साचले आहे: आपले वाचन कमी पडते, आपण नीट मांडणी करत नाही, थोडे अधिक घासले पाहिजे. आम्ही खूप घासले. सेट दिली, शोधनिबंध लिहिले, चर्चासत्रांना स्वखर्चाने गेलो. त्या दुपारी गुडघ्यांवर बसून भिंगातून पाहताना पहिल्यांदा असे मनात आले, की यातले काही मळ नसेलही.

हे सांत्वन म्हणून सांगत नाही. झीज मळापेक्षा बरी नसते. मळ निदान जातो. पण दोघांत भेद न करणारा मनुष्य एकतर धुता येण्यासारखे तसेच सोडतो, किंवा जे धुता येत नाही त्याला घासून घासून आणखी झिजवतो. आमच्या हातून त्या दिवशी दुसरे घडले होते.

जुलैत समिती आली. आदल्या सायंकाळी मधल्या वाटेवर मांडवातली हिरवी पट्टी अंथरायचे ठरले. ती आम्ही दोघांनीच अंथरली, कडा नीट दाबून, कारण पट्टी कुठे फुगते हे आता आम्हाला इतरांपेक्षा चांगले कळत होते. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे सदरे घालून आम्ही विभागाच्या माहितीपत्रकासह उभे राहिलो. समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी आमच्या विभागाच्या भित्तिपत्रकाचे कौतुक केले. समिती गेल्यावर आम्ही पट्टी गुंडाळली. खाली वाट होती तशीच होती.

तेव्हापासून आमची नजर खाली राहते. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. आम्ही श्रोत्यांत होतो, आणि मांडवातल्या गर्दीतही पायाखालच्या पट्टीकडे आमचे लक्ष गेलेच. सुयांनी नुसते गुंफलेले तंतू, धुण्याच्या लायकीचे नाहीत, फाटेपर्यंत वापरून टाकून द्यायचे. पाठचिकित्सा शिकवतानाही हेच होते. हस्तलिखितात लेखनिकाच्या हाताने शिरलेले काही असते, ते काढावे लागते. आणि कागदच विरल्याने गेलेली अक्षरे असतात, तिथे रिकामी जागा प्रामाणिकपणे रिकामी दाखवावी लागते. विद्यार्थी विचारतात, हे ओळखायचे कसे? आम्ही म्हणतो, घाई करू नका, आधी कोपऱ्यातला एक तुकडा पाहा.

आमचा विद्यार्थी आता कामाच्या कागदावर एक ओळ छापून घेतो: ‘झीज आणि मळ यांतील फरक काम सुरू होण्यापूर्वी दाखवला जाईल.’ वाक्य आम्ही लिहून दिले. ‘दाखवला’ की ‘दाखविला’ यावर आमच्या दोघांत अर्धा तास वाद झाला, आणि तो हसत ऐकत होता. यंदाही एप्रिल संपता संपता त्याचा फोन आला. हिंगणघाटला एक मोठे दालन आहे, वाट फार काळी आहे, म्हणाला. आम्ही पांढरे फडके आणि भिंग पिशवीत टाकले आणि सकाळच्या एस.टी.ची वेळ विचारून घेतली.